कॅलेंडरने एक दाखवला होता

ऑफिसात त्याला सगळे ‘टाइमटेबल’ म्हणत. चार देशांतल्या माणसांच्या मीटिंगा जुळवणं हे त्याचं काम. बारा वर्षांत एकही चुकली नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम मिळे, “बोटांवर तास मोजायचे नाहीत. शहर निवडा, पुढचं कॅलेंडर बघून घेईल. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात, ते तुमच्या बोटांना कळत नाही.”

आणि मग आईच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार होते. म्हणजे सोमवारी ऑपरेशन झालं की आईचा आवाज कायमचा जाणार. परदेशातल्या ताईला रजा मिळेना, तेव्हा शेवटचं बोलणं व्हिडिओवर ठरलं. वेळ जुळवायचं काम अर्थातच टाइमटेबलकडे आलं.

ताई साडेचार तास मागे. इथले बारा म्हणजे तिचे साडेसात, यात बघायचंय काय! त्याने गुरुवारीच ताईचं शहर निवडून सोमवार, सकाळी साडेसात अशी नोंद टाकली आणि तिला पाठवली. त्याच्या फोनवर मात्र दुपारचा एक उमटला. हातात हॉस्पिटलचे कागद, डोक्याला ताप. “याचंही काहीतरी बिनसलंय,” असं पुटपुटून त्याने आईला बाराची वेळ सांगितली आणि मोकळा झाला. रविवारी ताईकडची घड्याळं तासभर मागे गेली.

सोमवारी आई पावणेबारालाच केस विंचरून उशीला टेकून बसली. बारा वाजले, सव्वाबारा झाले. तो फोन लावत राहिला, ताई उचलेना. साडेबाराला नर्स आली. आईने पाच मिनिटं मागितली, मग आणखी पाच. शेवटी चाकांच्या खाटेवरून ती त्यालाच म्हणाली, “तिला म्हणावं, वेळेवर जेवत जा.”

एकच्या ठोक्याला ताई स्क्रीनवर आली. न्हाऊन, आईने विणलेला स्वेटर घालून.

“आई कुठंय रे?”

“नेलं गं तिला.”

ताईचा चेहरा पडला. “घड्याळं बदलली ना काल. माझाच काहीतरी घोळ झाला असणार.”

त्याने तिथंच बोलायला हवं होतं.

“होतं असं,” तो म्हणाला. वर तिची समजूतही काढली. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. कॅलेंडरमधली ती एकची नोंद त्याला पुसवेना आणि बघवेना.

चौथ्या दिवशी आईने पाटी मागितली. थरथरत्या अक्षरात लिहिलं, ‘ताईला बोलू नकोस. दमते बिचारी.’

त्याला मान वर करता येईना. मग आईच्या समोरच, स्पीकर चालू करून, त्याने फोन लावला.

“ताई, तू वेळेवर आली होतीस.”