मागच्या सीटवरचं माणूस

शोरूमच्या दारात, नव्या गाडीच्या बदल्यात द्यायची माझी जुनी शंभर सीसीची गाडी तपासणारा माणूस उकिडवा बसला आणि हसत म्हणाला, "वहिनी कायम एका बाजूनंच बसतात वाटतं!"

मी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. उजवं मात्र अगदी नव्यासारखं. चौदा वर्षं ही गाडी मीच पुसत आलो, तरी हे मला कधी दिसलं नव्हतं! इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी झोपेतसुद्धा कळायचं मला. आणि बायकोचे दोन्ही पाय एवढ्याशा रबरावर तोल सांभाळत होते, हे परक्या माणसानं सांगावं? आपल्या पाठीमागे केवढा संसार चालतो, आणि आपण आपले समोरचे खड्डे चुकवत राहतो.

मग नव्या गाडीकडे नजर गेली. मागची सीट उंच, निमुळती. साडी गार्ड नाही, धरायला दांडा नाही. दोन महिने मी रंग, पिकअप, हेडलाइट, सगळं पारखून घेतलं होतं.

बायको हार घेऊन उभी होती. तिनं त्या सीटवरून हळूच हात फिरवला.

"छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षानं येते."