एका डोळ्याला एक फडकं

माझ्या मांजरीला घाबरायला कारण लागत नसे. कुणी चप्पल काढून ठेवली तरी ती पिंपामागे. नळाला पाणी आलं, बादल्या वाजल्या, की पिंपामागे. गिरणीचा भोंगा रोजचा आणि ठरल्या वेळेचा, पण तिला तो रोज नवाच. लालबागच्या आमच्या चाळीत एका खोलीतली शिंक चार खोल्यांत ऐकू जायची. तिथे असलं जनावर जगलं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी लग्न होऊन मालवणाकडून मुंबईला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी ती जिन्याखाली सापडली. तिला नाव ठेवायच्या भानगडीत मी पडले नाही. "ये गो" म्हणायचे आणि ती यायची, तीही खोलीत मी एकटी असले तरच. नवऱ्याने तिची शेपटी तेवढी पाहिली होती.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ. मीही जायचे. पदर खोचून, बायकांच्या रांगेत, घसा बसेपर्यंत ओरडायचे. पोलीस अश्रुधूर सोडायचे, मग माणसं वाट फुटेल तिकडे पळायची आणि जी चाळ समोर येईल तिच्यात घुसायची. आमच्या चाळीचं दार कधी बंद झालं नाही. जिन्याच्या पायथ्याशी माझ्या सासूबाई पाण्याची बादली घेऊन बसलेल्या असायच्या आणि येईल त्याचे डोळे धुऊन द्यायच्या.

त्या बादलीचा त्यांना केवढा अभिमान. माणूस विधवा, वय झालेलं, घरात सून आलेली. एरवी त्यांना कोण विचारत होतं? पण तिथे उभे आडवे गडी, गिरणीच्या खात्यात कामगारांवर हुकूम चालवणारे जॉबर, कॉलेजात शिकणारी पोरं, सगळे त्यांच्यापुढे मान खाली घालून बसायचे. डोळे टिपायला त्यांच्याकडे एक फडकं होतं, माझ्या सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं. सासऱ्यांचं एवढंच काय ते घरात उरलेलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की दुसऱ्या कुणाच्या हातात त्या ते देतच नसत. "तुम्ही रगडतास," म्हणायच्या. पाण्यात बुडवायचं, पिळायचं, एकाचे डोळे टिपायचे, पुन्हा बुडवायचं, दुसऱ्याचे टिपायचे. मी शेजारी उभी राहून पाणी ओतायचे आणि मलाही ते फार छान वाटायचं, खोटं का बोला.

असाच एक मोर्चा फुटला. धूर थेट आमच्या गॅलरीपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपामागून "ये गो"ला उत्तर येईना. वाकून बघते तर मांजरीचा डावा डोळा चिपडांनी घट्ट चिकटलेला, उजव्यातून पिवळट पाणी, आणि मधूनमधून शिंका. मला शंकासुद्धा आली नाही. म्हटलं, गॅस लागला हिला. त्या दिवसांत आमच्याकडे डोळ्याला काहीही झालं तरी कारण एकच.

मग मी काय करावं? मोर्चातल्या माणसाला करतात तेच केलं. कांदा कापला आणि तिच्या नाकासमोर धरला. आम्हाला सगळ्यांना तसंच शिकवलं होतं, कांदा हुंगा, उतार पडतो. मांजरीने माझ्या मनगटावर चार ओरखडे काढले आणि पिंपामागे गेली ती दोन दिवस बाहेर आलीच नाही. दूध ठेवलं, सुकट ठेवली, ढुंकून पाहिलं नाही. माणसाला गॅस लागला तर तासा-दोन तासांत डोळे सुटतात. हिला चौथा दिवस उजाडला आणि दोन्ही डोळे बंद. आंधळी होते की काय, या भीतीने मी रात्रीतून तीनदा उठून पिंपामागे दिवा धरायचे. या चाळीत माझ्या माहेरचं कुणी नव्हतं. सुखदुःख बोलावं असं हे एकच जनावर, आणि त्याच्या डोळ्यांत मी कांदा घातला होता.

त्याच सुमारास चाळीतल्या पोरांचे डोळे आले. आधी दोघांचे, मग एकेका खोलीत तिघा-तिघांचे. लाल, सुजलेले, सकाळी उघडत नाहीत. आमच्या समोरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर राहायचे. चाळीच्या कमिटीचे ते मुख्य, आणि जन्मभर मुलं हाकल्यामुळे सगळ्या चाळीला वर्ग समजायचे. त्यांच्या नातीचे डोळे आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. आमच्या दारात उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही, रोगाचं घर ना.

"तुमच्या मांजरीचे डोळे आधी आले," ते म्हणाले. "तिनेच हे चाळीला दिलंय. येत्या रविवारी गॅलरीत सगळ्यांना बोलावतोय. पोत्यात घालून शिवडीच्या खाडीकडे सोडून येऊ. दोन माणसं तयार आहेत."

"मास्तर, तिला दिसत नाहीये. सोडलं तर ती मरेल."

"माणसांचे डोळे आधी, सूनबाई."

मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, घरचं माणूस आहे, एक शब्द तरी बोलेल. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेलां मांजार तां. जाऊंदे."

हे मला लागलं. मास्तरांचं नाही लागलं तेवढं. त्या एका "जाऊंदे"साठी मी त्यांच्यावर दोन दिवस मनातून धुमसत होते, आणि पुढे जे झालं ते त्या धुमसण्यातून झालं, हे मी आधीच सांगून टाकते.

शुक्रवारी नवरा पहिल्या पाळीला गेल्यावर मी गावाहून आलेली आंब्याची करंडी काढली, खाली गवत पसरलं, मांजरीला पंच्यात गुंडाळून आत घातलं आणि वरून जुनं कापड बांधून परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले. रस्ताभर करंडीतून आवाज नाही. ती इतकी घाबरली होती की ओरडायचंही विसरली होती. दवाखान्यात बैल, टांग्याचे घोडे, गवळ्यांच्या म्हशी. त्यांच्यात करंडी मांडीवर घेऊन बसलेली मी एक बाई. लोक हसले. हसू देत.

डॉक्टर टक्कल पडलेले आणि माझ्याहून तापट. करंडी उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे.

"काय केलंत हिला?"

मी कांद्याचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हिला मोर्चाला नेली होती का? बाई, हे मांजरांचं पडसं आहे. शिंका, नाक, डोळे. मांजराचं मांजराला लागतं. माणसाला याने काही होत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. पाणी उकळून कोमट करायचं. कापसाचा बोळा भिजवून चिपडांवर नुसता धरून ठेवायचा, ती मऊ होईपर्यंत. ओढायचं नाही. नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसायचं आणि बोळा फेकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मग मलम. आणि भित्र्या जनावराला बाहेर ओढून काढायचं नाही. जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ करून, वाट बघायची. "तुम्हाला जमेल का? तुमच्या तोंडावरून वाटत नाही," ते म्हणाले.

"जमेल," मी म्हटलं. "पण दोन डोळे तिचेच ना? मग दोन बोळे कशाला?"

"एका डोळ्यातली घाण दुसऱ्या डोळ्यात नेऊ नये म्हणून. तुमच्या घरी सगळ्यांचे डोळे एकाच फडक्याने पुसता का?"

ते आपले सहज बोलले. मला मात्र धोतराचं फडकं आठवलं. करंडी घेऊन घरी येईपर्यंत मी चाळीतली एकेक खोली मनात फिरून आले. ज्यांच्या घरचा कुणी त्या दिवशी बादलीवर बसला होता, त्यांच्याच घरात डोळे आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरतच नसत, त्यांच्याकडे कुणाला काही नाही. आणि मास्तरांची नात त्या दिवशी शाळेतून येताना धुरात सापडली होती. तिचे डोळे मी पाणी ओतलं आणि सासूबाईंनी टिपले होते.

संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घातलं. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आईला काही बोलू नकोस. बादलीशिवाय तिच्याकडे दुसरं आहे काय?"

"आणि मांजर?"

तो टोपी घालून खाली निघून गेला. ते दोन दिवस मी पिंपाकडे पाठ करून बसले. पहिल्यांदा तासभर, आणि तेवढ्यात ती आली नाही. दुसऱ्यांदा माझ्या कमरेला नाक लागलं. पंच्यात गुंडाळली, बोळा धरला. डावा डोळा उघडला तेव्हा आतला हिरवा रंग बघून मी हुंदका दिला. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

रविवारी सकाळी गॅलरी भरली. मास्तर खुर्चीत, पोतं त्यांच्या पायाशी घडी करून ठेवलेलं. सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या. मास्तर रोग कसा पसरतो यावर बोलू लागले. मी त्यांना पुरं करू दिलं नाही. पोलिसांच्या काठीपुढे मी हटले नव्हते, मास्तरांच्या खुर्चीपुढे काय हटते?

"माझ्या मांजरीला कुणी हात लावलाय, त्याने पुढे यावं," मी म्हटलं.

कुणी आलं नाही.

"मास्तर, तुमच्या नातीने लावलाय?"

नात खांबाआडून म्हणाली, "ती दिसतच नाही."

"या चाळीत तिला हात लावते ती मी एकटी. रोज लावते. माझे डोळे बघा सगळ्यांनी." मी पुढे होऊन उभी राहिले. माझे डोळे स्वच्छ होते. "डॉक्टरांनी सांगितलंय, तिचं दुखणं माणसाला लागत नाही. आणि तुम्हाला कशामुळे लागलं तेही सांगते. बादलीमुळे. चाळीसभर माणसांचे डोळे आपण एका पाण्याने धुतले आणि एका फडक्याने पुसले. पाणी मी ओतत होते. मीच दिलंय तुमच्या पोरांना, घाला मला पोत्यात."

मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. "पाणी मी ओतत होते" म्हटलं म्हणून काय झालं? फडकं कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या उंबऱ्यावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या, आणि चाळीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. शुक्रवार आणि शनिवार, दोन अख्खे दिवस माझ्याकडे होते. घरात, चुलीपाशी, हळू आवाजात सांगता आलं असतं. मी ते चारचौघांत सांगितलं, कारण मला त्यांना दुखवायचं होतं.

त्या उठल्या, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात धोतराचं फडकं होतं. दातांनी त्याची कड तोडली आणि फाडलं. मग पुन्हा फाडलं. धोतर फाटतानाचा आवाज सगळ्या गॅलरीने ऐकला. पानाएवढे तुकडे करून त्यांनी ते पदरात गोळा केले आणि मास्तरांना म्हणाल्या, "मांजार हयच रवतलां. पोतां उचला." मांजर इथेच राहील, असं त्या त्यांच्या भाषेत म्हणाल्या, आणि मास्तरांनी मुकाट्याने पोतं उचललं.

घरात येऊन त्यांनी पहिला तुकडा उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवला आणि पिंपाशी जमिनीवर बसल्या, पाठ करून, मी बसायचे तशाच. म्हणजे दोन दिवस त्या सगळं बघत होत्या. "ये गो," त्या म्हणाल्या. मांजर आली नाही. अर्ध्या तासाने गुडघे धरत उठल्या आणि तुकडा माझ्या हातात दिला. "माका भियता तां. तू पूस."

मांजर पुढे सहा वर्षं जगली. डाव्या डोळ्यातून तिला कायम पाणी यायचं आणि सासूबाईंना ती शेवटपर्यंत घाबरली. पोरांचे डोळे आठवड्याभरात बरे झाले. मास्तरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्याचं मला काही वाटलं नाही. मी बोलले ते खरं होतं आणि ते मी आजही कुणापुढेही बोलेन. फक्त त्या बाईपुढे ते तसं बोलायला नको होतं. माफी मागायचं मनात यायचं, पण जीभ रेटत नसे.

त्यानंतरच्या मोर्चाला बादलीशेजारी परात असे, परातीत धोतराचे तुकडे. एका डोळ्याला एक, वापरला की बाजूच्या डब्यात टाकायचा. पाणी मी तांब्याने वरून धरायचे. एवढ्याशा धोतराचे तुकडे किती दिवस पुरणार? एक दिवस परात रिकामी दिसली. मी आत गेले, ट्रंकेतून माझ्या आईने लग्नात दिलेलं सुती पातळ काढलं, त्यांच्यासमोर आणून बसले आणि दातांनी त्याची कड तोडली. त्यांनी नको म्हटलं नाही. पहिला तुकडा बोटांत धरून चाचपला.

"मऊ आसा," त्या म्हणाल्या, आणि बादली पुढे ओढली.