तोंडं बघणारी नवसी

नाटक कंपनीत आम्हाला पहिल्याच दिवशी दटावलं होतं, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. पंचवीस वर्षं तोंडाला रंग लावून मी तो नियम पाळला. नवसीला तो कुणी शिकवला नव्हता, पण मुलं जेवत असताना त्यांच्याकडे पाठ करून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही.

बोईसरला आमच्या महिला मंडळाची बालवाडी होती. नवसी तिथली मदतनीस. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज चालत यायची, चूल पेटवायची, चाळीस ताटल्या मांडायची आणि ओळीसमोर मांडी घालून बसायची. माझा मुलगा अणुवीज केंद्रात नोकरीला होता, म्हणून मीही म्हातारपणी इकडे आले होते. मंडळाची सभासद झाले आणि बालवाडीत गाणी शिकवायला जाऊ लागले. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट.

नवसीचं जेवण वाढणं म्हणजे एक प्रवेशच असे. "आ कर. गिळ. आता दाखव तोंड." प्रत्येक पोरानं जबडा उघडून दाखवायचा.

"रं जिवल्या, गालात काय ठेवलंस? घरी नेतोस काय कोंबड्यांना?"

पोरं खिदळायची. जिवल्या घाईघाईनं गिळायचा. या सगळ्याला तास लागायचा, आणि आमच्या शिक्षिका पुष्पलताबाई घड्याळाकडे बघत सुस्कारे टाकायच्या.

त्या पोरांत नवसीचा जीव होता तो चिमीत. अडीच वर्षांची, काडीसारखी. तिची आई मंगळी नवसीच्याच पाड्यावरची. कारखान्यांच्या बांधकामावर घमेली उचलायची. मंगळीची आधीची दोन मुलं गेली होती. सकाळी चिमीला दारात उतरवून ती रोज एकच वाक्य बोलायची, "नवसे, हिला जगव." नवसी म्हणायची, "जा तू. खाल्ल्याबिगर सोडत नाय मी." चिमीला वाटाणे, चणे सबंध द्यायची नाही. एकेक दाणा बोटांत चुरून तिच्या ओठाला लावायची. चार महिन्यांत चिमीच्या हाताला थोडं मांस धरलं होतं.

टीव्ही मी आणला. एका कारखानदारानं तरुणपणी माझी नाटकं पाहिली होती. मी शब्द टाकला आणि त्यांनी टीव्ही आणि व्हिडिओ दोन्ही पाठवून दिलं, वर कार्टूनची एक कॅसेट. सगळ्यांना दिसावं म्हणून ओळीसमोरच्या भिंतीशी टेबलावर मांडलं, म्हणजे नवसीच्या बरोबर मागे. दुसऱ्याच दिवशी चमत्कार झाला. चाळीस पोरं गप्प. माना वर, तोंडं उघडी, हात आपोआप ताटलीकडे. वीस मिनिटांत ताटल्या रिकाम्या. तपासणीला आलेल्या बाईंनी वहीत शाबासकी लिहिली.

नवसी तेवढी कुरकुरली. "बाय, यांना कळत नाय काय खाल्लं ते. इचारा, भात व्हता का उसळ."

मी विचारलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकीनं "बिस्किट" म्हणून सांगितलं. आम्ही खूप हसलो.

"नवसीला सवत आली," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"येऊ द्या," नवसी म्हणाली. "सवत दाखवील काय तोंडं उघडून?"

ती आपली जागा सोडेना. मागे हाणामारी, शिट्ट्या, ढोल, आणि ही टीव्हीकडे पाठ करून चाळीस तोंडं बघत बसलेली. "मला दिसत नाय," म्हणायची, "पन माझ्या पाठीला समदं पाठ झालंय."

पौष महिन्यातला बुधवार. चण्याची उसळ होती. कार्टूनची कॅसेट यंत्रात अडकली आणि तिची फीत आतड्यांसारखी बाहेर आली. पोरांनी भोकाड पसरलं. ताटल्यांना हात लावेनात. महिन्याभरात त्यांना तशी सवय लागली होती. माझ्या पिशवीत एक कॅसेट होती. माझ्या निरोपाच्या प्रयोगाचं चित्रण, मुलानं कुणाकडून तरी उतरवून आणलेलं. पुष्पलताबाईंना दाखवावं म्हणून चार दिवस घेऊन फिरत होते. मी ती लावली. डिंकानं चिकटवलेल्या मिशा आणि लाकडी तलवारी बघून पोरं गप्प झाली, खाऊ लागली.

मग पडद्यावर मी आले. शालू, नथ, अंबाडा.

"नवसे, बघ तरी. मी आहे ती."

"हातातलं झालं की बघते, बाय."

"अगं, तोवर माझं पद संपेल! एकदाच बघ."

मी तिचा खांदा धरला. ती माझ्या शब्दाला मान देणारी बाई. हात पदराला पुसून वळली. पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "आगो बाय! ह्या तुमी? एवढ्या गोऱ्या?" मी हसले. कोणती भूमिका, कोणता गाव, किती वेळा वन्स मोअर, सांगत सुटले. ती ऐकत होती. दोन मिनिटं असतील. तीन असतील.

श्वास अडकला की आवाज होत नाही, हे मला माहीत नव्हतं. नवसी वळली तेव्हा चिमी तशीच बसलेली होती, डोळे टीव्हीकडे, ओठ निळे. कुणी चुरून देत नाही म्हटल्यावर तिनं शेजारच्या जिवल्याच्या ताटलीत हात घातला होता. नवसीनं तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, घशात बोट घातलं. मग तिला उचलून अनवाणी दवाखान्याकडे पळाली. डॉक्टरांनी दाणा काढला. सबंध होता. चिमी तोवर गेली होती.

दवाखान्याच्या ओसरीवर पुष्पलताबाई सारखं एकच विचारत होत्या. आता मंडळाचं काय, टीव्हीचं काय. तेव्हा मीच पुढे झाले. नवसीला कोपऱ्यात घेतलं आणि तिचं वाक्य तिला दिलं. "म्हणायचं, झटका आला. जेवता जेवता डोळे फिरवले. एवढंच. म्हण बघू." विसरणाऱ्या नटीकडून मी असंच घोकून घेत असे. नवसी माझ्याकडे बघत राहिली. तिनं ते म्हटलं नाही.

मंगळी आली तीच सिमेंटनं माखलेल्या पायांनी. पोरीला मांडीवर घेतलं. रडली नाही. तिचा हात धरून वळवून बघितला, जिथं मांस धरलं होतं तिथं.

"काय झालं, नवसे?"

"चना अडकला. मी बघत नव्हते."

"तू?"

"पाठ केलती मी. टीवी बघाया."

"तू तर बघत नाय कधी."

"आज बघला."

मंगळीनं चिमीचा हात परत मांडीवर ठेवला. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पुढचा प्रश्न मला ऐकू येण्याआधीच कळला.

"काय व्हतं त्यात, येवढं?"

नवसीनं मान वर केली नाही. "व्हती कोन तरी बाई. गानं म्हनत व्हती."

मी पदर सावरला आणि पुष्पलताबाईंच्या मागे सरकले. हजार लोकांसमोर जिनं कधी वाक्य चुकवलं नव्हतं, ती मी.

आठवड्यानं मंडळाची बैठक झाली. मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे, असा ठराव झाला आणि नवसीला कमी केलं. ठरावाखाली सात सह्या आहेत. तिसरी माझी. टीव्ही तसाच राहिला, फक्त उसळ बंद झाली.

नवसीला दुसरीकडे काम मिळेना. मंगळीनंच तिला आपल्या मुकादमाकडे नेलं, असं पुष्पलताबाईंनी सांगितलं. दुपारी दोघी विटांच्या ढिगाआड बसतात म्हणाल्या, भाकरी मध्ये ठेवून. मंगळी जेवते आणि नवसी बघत बसते.

त्या विटांच्या ढिगावरून जाणारा रस्ता बाजारात जायला जवळचा होता. मी बोईसरला आणखी नऊ वर्षं राहिले, पण लांबच्या रस्त्यानं जात राहिले.