दादाच्या जीपमधला साफ आवाज

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. कारंज्यात माझं कार-ऑडिओचं छोटं दुकान आहे. आवाज म्हणजे वायर, करंट आणि स्पीकर... त्यापलीकडचं कोणी काही सांगायला लागलं, की मी त्याला चहा पाजून वाटेला लावायचो.

माझा मोठा भाऊ, दादा, इंझोरीला राहायचा. त्याची जुनी डिझेल जीप होती, लग्नाची वऱ्हाडं पोचवायचा. त्या जीपमध्ये बसणं म्हणजे मळणीयंत्राच्या पोटात बसणं. मोबाइलवर मॅप लावला तरी त्यातलं बोलणं ऐकू यायचं नाही. एकदा तर साहेब नवरदेवाला घेऊन भलत्याच गावच्या मांडवात पोचले होते! तेव्हापासून माझ्या मागे लागला होता.

"त्या मॅपवालीचा आवाज मले साफ आयकू येऊ दे बे. गाणेबिणे नाही पाह्यजे मले."

दिवाळीआधीच्या एका रविवारी सकाळी मी हत्यारं घेऊन इंझोरीला गेलो. सोयाबीनची काढणी चालू होती, वहिनी आणि पोरं शेतात. मी दारातला स्पीकर काढून ड्रायव्हरच्या डोक्यामागे लावला, खडखडणाऱ्या पत्र्याखाली रबर घातलं. इंजिनाच्या घरघरीत बेस मिसळला की बोलणं बुडतं, म्हणून बेस जवळजवळ काढूनच टाकला. राहिला फक्त अँपचा, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या डब्याचा, फ्यूज. तो मी नेहमी शेवटी, गाडीच्या मालकाच्या हातानेच बसवून घेतो. माझ्या दुकानाची पद्धतच आहे ती.

दादा त्यासाठी हात धुवायला गेला, तो घामाने निथळतच परत आला. छातीवर हात.

"कळ येऊन राह्यली बे..."

शेजाऱ्याच्या मदतीने त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि जीप कारंज्याकडे पळवली. मॅप लावला नव्हता. लहानपणापासून ज्या रस्त्याने आलो-गेलो, त्याला मॅप कोण लावतं?

गाव सुटलं आणि डोक्यामागून बाईचा आवाज आला — "पुढे डावीकडे वळा." इतका साफ, की इंजिन बंद पडलं की काय म्हणून मी मीटरच्या काट्याकडे पाहिलं. इंजिन चालू होतं.

दादाने डोळे उघडले. त्या अवस्थेतही हसला. "आलं बे आयकू! घे डावीकडे."

"दादा, तो पांदण रस्ता हाये, बैलगाडीचा. तुह्या मोबाइलचा मॅप चुकून राह्यला. तू गप पडून राह्य."

"ते सांगून राह्यली ना... घे डावीकडे."

आवाज पुन्हा आला. मी चिडलो. माझ्याच गावचा रस्ता आता मोबाइल मला शिकवणार! मी सरळ गेलो.

पुलावर सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक आडवा पडलेला. सकाळी मी त्याच पुलावरून आलो होतो, तेव्हा काहीच नव्हतं. मागे वळावं म्हटलं तर एसटी येऊन चिकटली, तिच्या मागे दोन ट्रॅक्टर. मी ओरडलो, हात जोडले, शिव्या दिल्या... पण कोणाला मागे सरकायला जागाच नव्हती. अँब्युलन्ससाठी शर्टाच्या खिशातून फोन काढला, आणि त्याच्यासोबत अँपचा फ्यूज हातात आला.

मी वेड्यासारखा त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याच्याशिवाय तो स्पीकर बोलूच शकत नव्हता.

लोकांनी दादाला उचलून पोत्यांवरून पलीकडे नेलं, एका ऑटोत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

दादाचा मोबाइल घरीच होता, खाटेवर. माझ्या फोनवर मॅप उघडलेलाच नव्हता. नंतर त्या जीपची एकेक वायर मी तपासली. फ्यूज न लावता काय वाट्टेल ते करून पाहिलं, पण स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा आली नाही. मित्र म्हणतात टेन्शनमध्ये भास झाला. मग दादाला कसा ऐकू आला? तेरवी झाल्यावर मी त्या पांदण रस्त्याने जीप घालून पाहिली. हाडं खिळखिळी होतात, पण तो पुलाच्या पलीकडे बरोबर डांबरी रस्त्याला लागतो.

दादा गेला त्याच दिवशी वहिनीने विचारलं होतं, "भाऊजी, शेवटी काही बोलले काय हो ते?"

मी म्हणालो, तुमचं आणि पोरांचं नाव घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगते आणि डोळे पुसते. तेवढ्यावरच उभी आहे ती.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला आजही माहीत नाही. आणि खरं सांगू? कुणी शोधून दिलं तरी आता मला ते नको आहे. दादाचं शेवटचं बोलणं "घे डावीकडे" हे होतं, आणि मी घेतलं नाही. हे वहिनीला सांगू की नको... एवढंच कोणीतरी मला सांगा.