चोंबूतलं सार

"पाण्यात शिसं नाही," मी फोनवर हनुमंतरावांना सांगितलं.

शिसं म्हणजे लेड. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीच्या, तुळजाच्या, रक्तात ते भलतंच वाढलं होतं. पोर पोटदुखीनं कळवळायची, शिकलेली अक्षरं विसरायला लागली होती. डॉक्टरांचा संशय घरच्या बोअरवेलवर. आणि पाणी तपासणं हे माझं काम.

बॉस म्हणाले, "वॉटर क्लिअर ना, मॅडम? मग फाईल क्लोज."

"सर, मग पोरीच्या रक्तात आलं कुठून?"

"ते डॉक्टर बघतील."

मी चिडले. स्कूटर काढली आणि तंजावरच्या राजवाड्यामागच्या हनुमंतरावांच्या गल्लीत गेले. आमच्या कामात एक्सपोजर म्हणतात, म्हणजे विष शरीरात कुठल्या वाटेनं आणि किती जातं. ती वाट सापडल्याशिवाय रिपोर्टला काय अर्थ? सोबत एक्सआरएफ होतं. वस्तूला टेकवलं की आत कुठला धातू आहे ते सांगणारं हातातलं मशीन. भिंतीचा रंग, खेळणी, नळ, सगळं ठीक निघालं.

"अक्का, जेवूनच जायचं," तुळजाची आई अंबू म्हणाली. तिनं चुलीवरून ईयचोंबू उतरवला. कथलाचं हे मऊ भांडं. आमच्या तंजावुरी घरांत चिंचेचं सार यातच उकळायचं, नाहीतर चव येत नाही म्हणतात.

"नवा दिसतो?"

"हो अक्का. जुन्याला भोक पडलं, पोंगलला नवा घेतला. तुळजाला शक्ती नाही, म्हणून दोन्ही वेळ सारच देतों. तेही आरओच्या पाण्याचं!"

मी मशीन चोंबूला टेकवलं. कथलाच्या जोडीला भरपूर शिसं. कुणीतरी स्वस्तात पडावं म्हणून कथलात शिसं ओतलं होतं, आणि उकळती आंबट चिंच ते सारात उतरवत होती. मागे वळून बघते तर तुळजाच्या ओठाला साराने भरलेला टंबलर. "चोंबूत शिसं आहे!" म्हणत मी तो हिसकावला. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"अय्यो अक्का, मीच पाजवत होतें?"

मी उरलेलं सार ओतून टाकलं आणि चोंबू लॅबसाठी पिशवीत घातला.

त्या चोंबूत उकळलेलं चिंचेचं पाणी लॅबमध्ये साफ नापास झालं. रिपोर्ट वाचून बॉसनी फाईल पुन्हा उघडली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या घरीही एक आहे. उद्या आणू?"

तुळजाच्या रक्तातलं शिसं आता उतरतंय. काही अक्षरं परत आली, काही अजून नाहीत.

पाणी पास झालं तरी मी फाईल बंद करत नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन ते कशात उकळतं ते बघून येते.