पाठीमागच्या तिघी

रेडिओवर ते गाणं लागलं की तिघी बहिणींतली मधली लाँड्रीत हातातली इस्त्री उभी करायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "ऐका, ही मी!" गिऱ्हाईक कान टवकारायचं. ऑर्गन ऐकू यायचा, ड्रम धडधडायचे, गाणारा बाप्या जिवाच्या आकांतानं ओरडायचा.

"कुठे आहात तुम्ही?"

"मागे. पार मागे."

गिऱ्हाईक हसून शर्ट घेऊन जायचं. तिचा बस चालवणारा नवरा तर म्हणायचा, "गाण्यात असेल मागे, घरात कुणाला पुढे जाऊ देत नाही!"

पण खोटं नव्हतं हो ते. लाँड्रीच्या वरच्या खोलीत एके काळी चार झिपरे तरुण ते गाणं रेकॉर्ड करत होते. चांगलं नऊ मिनिटांचं गाणं, टाळी कुठे वाजवायची याचा पत्ता नाही. आता जाणते लोक त्याला आर्ट रॉक म्हणतात. तेव्हा शेजारीपाजारी नुसता गोंगाट म्हणायचे. त्या चौघांना पाठीमागे भलामोठा कोरस हवा होता, आणि खिशात खडखडाट. खाली तीन बहिणी कपड्यांना इस्त्री करता करता गुणगुणत होत्या, त्यांनाच वर नेलं. तिघींचा 'आ' टेपवर घेतला, त्याच्यावर पुन्हा तोच, त्याच्यावर आणखी एकदा. असे थरावर थर चढवले की ऐकणाऱ्याला वाटावं, बायकांची फौज उभी आहे.

थोरलीचा सूर खालचा, धाकटीचा वरचा. दोघी आपापल्या जागी खांबासारख्या. हलायची ती मधली. ती वर राहिली की गाणं हसायचं. केसभर खाली उतरली की तेच गाणं रडायचं.

आणि आता बघा, गाण्यातल्या त्या दोन खांबांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आई गेल्यावर थोरलीनं आईचं शिलाई मशीन धाकटीला न विचारता शेजारणीला देऊन टाकलं. झालं! तेव्हापासून एकीनं पूर्व धरली की दुसरीनं पश्चिम. मधे सापडली ही बिचारी, दोघींचे निरोप वाहून हिचे पाय झिजले.

अशात एक दिवस ऑर्गनवाला लाँड्रीत हजर. झिपऱ्या गेल्या होत्या, टक्कल चकाकत होतं. मोठ्या सभागृहात ते गाणं पुन्हा एकदा वाजवायचं ठरलं होतं. "तिघीही हव्यात," तो म्हणाला. मधली लगेच हो म्हणाली. गाणं तर हवंच होतं, पण तिच्या मनात खरं एकच होतं: या निमित्तानं तरी दोघी एकमेकींशी बोलाव्यात.

दोघी आल्या. बसायला नव्हे, गायला, असं आधीच बजावून. लाँड्रीच्या मागच्या खोलीत मधली मधोमध उभी राहिली.

"हिला सांग, घाई करू नकोस म्हणावं," थोरली म्हणाली.

"हिला सांग, मी करत नाहीये," धाकटी फणकारली.

हातभर अंतरावर उभ्या, आणि निरोप मधलीमार्फत! पहिल्यांदा गायल्या, दुसऱ्यांदा गायल्या, प्रत्येक वेळी तेच. तिसऱ्यांदा मात्र मधलीचा पारा चढला. घाला म्हणावं तुमचा गोंधळ, असं मनात म्हणून ती ऐन सुरात गप्प बसली. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिली.

खालचा सूर उरला, वरचा उरला. मधे नुसती पोकळी. गाणं हसेना, रडेना. दोघी थोडा वेळ तशाच ताणत राहिल्या, आणि मग धाकटीचा आवाज तुटला.

"ताई, अगं ही गप्प का झाली?"

"मला काय माहीत! तू बघ ना तिच्याकडे. घसा बसला की काय?"

"हिचं हे नेहमीचंच. आयत्या वेळी घोळ!"

"लहानपणापासून अशीच आहे गं ही!"

दोघी मिळून तिला फाडफाड बोलत होत्या. मधलीला इतका आनंद झाला की ती भिंतीकडे तोंड करून गालातल्या गालात हसत राहिली. बोलता बोलता गाडी मशीनवर आली, मग काय, तासभर कडाक्याचं भांडण, पण समोरासमोर, एकमेकींच्या तोंडावर. थोरली रडली. "तुला शिवणं आवडतं हे मला सुचलंच नाही गं," म्हणाली. धाकटीनं तिला डोळे पुसायला आपला पदर दिला आणि वर आणखी चार शब्द सुनावले.

कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं होतं. गाणं संपल्यावर लोक उभे राहिले, म्हणतात. नवरा गर्दीतून धापा टाकत मागच्या दारी आला.

"अगं, ऐकू आलीस तू! काय झकास झालं गाणं! तुला कसं वाटलं?"

मधली रस्त्याकडे बघत होती. डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं.

"अहो," ती म्हणाली, "दोघी एकाच टॅक्सीनं घरी गेल्या!"