बेल वाजली की आई उठतात

नवऱ्याला हे ठाऊक नाही, लेकीलाही नाही. माझ्या माहेरच्या आईपासून मी कधी काही लपवलं नव्हतं, पण हे तिच्यापासूनही लपवलं. आज तुम्हाला सांगते, कारण सकाळपासून नुसता वैताग आलाय.

लेकीच्या कॉलेजात ‘घरचा धंदा : धाडस आणि मूल्यं’ असली काहीतरी व्हिडिओची स्पर्धा आहे. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून मागे लागलीय. “ममा, वो करेज वाली स्टोरी बोलो ना!” मी मराठीत बोलायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हे रोजचंच. पण करेज? कुणाचं करेज? आणि शेजारून नवरा : “अगं सांग की, तुझ्याच हिमतीवर उभं राहिलंय सगळं.” गप्प बसा म्हणावंसं वाटतं दोघांनाही.

लोकांना दिसतं तेवढं खरंच आहे. हिंगोलीकडच्या खेड्यातली मी, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. नवऱ्याला इकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून चंदीगडला आलो. हॉस्पिटल ज्या सेक्टर ३२ मध्ये, तिथे बघावं तिकडे पांढरे अ‍ॅप्रन घातलेली पोरं. म्हटलं, हे कुणीतरी शिवतंच ना, मग आपण का नको? चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीतल्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत मशीन टाकली. कापड आणायची मी, कापायची मी, शिवायचीही मीच. काज-बटणं तेवढी सासूबाई करायच्या. त्यांना आम्ही आई म्हणतो. गाव, शेजारपाजार, बोलायची भाषा सगळं सोडून त्या या परक्या थंडीत आमच्यासाठी आल्या होत्या. धाडस म्हणायचं तर — जाऊ द्या.

पहिली मोठी ऑर्डर एका नर्सिंग कॉलेजची. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायचं असतं, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण इकडचं ते धुकं! उन्हाचा पत्ता नाही, दोरीवरचा टॉवेलसुद्धा वाळेना. ऑर्डर तोंडावर आलेली. मी कोरंच कापड कापलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

व्हायचं तेच झालं. तिथल्या मॅडम पिशवी घेऊन दारात. एक अ‍ॅप्रन अंगाला लावून दाखवला. बाह्या पार वर चढलेल्या. “ये क्या है जी? लड़कियाँ हँस रही हैं!”

आई तिथेच खाली बसून बटण लावत होत्या. लुगडं नेसलेल्या, डोक्यावर पदर. आणि मी —

सांगायलाच हवं आता. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. “माताजी ने बिना भिगोए काट दिया, मैडम. पढ़ी-लिखी नहीं हैं ना.”

हिंदीत बोलले. आईंना कुठं कळतंय, म्हणून हिंदीत. मॅडमना ते लगेच पटलं. कशावरून पटलं? नुसतं लुगडं बघून?

आईंनी सुई कापडात टोचून ठेवली. हात जोडले. “गलती हो गया जी.”

कळलं होतं. सगळं कळलं होतं.

“कटिंग आप ही करना जी,” मॅडम जाताना मला म्हणाल्या, “माताजी को आराम करने दो.” अ‍ॅप्रन पुन्हा शिवून दिले, गिऱ्हाईक टिकलं. माफी मागायला असा किती वेळ लागतो? तेवढाही मी काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी आई बटणांचा डबा घेऊन बसल्या, तर मीच म्हटलं, “राहू द्या आई, डोळे दुखतील तुमचे.” कारण मॅडम पुन्हा आल्या आणि या कामावर दिसल्या, तर? म्हणजे आधी खोटं बोलले, आणि ते टिकवायला त्यांच्या हातातलं कामही काढून घेतलं. हे जास्त वाईट, नाही का?

“बरं, पोरी,” म्हणाल्या. डबा झाकून ठेवला. नवऱ्यानं विचारलं, तर त्याला आईंनीच सांगितलं, “आता सुई दिसत नाही मला.” आणि आतल्या खोलीत बसून घरातले उसवलेले कपडे अजूनही त्याच शिवतात.

आता डेराबस्सीच्या कारखान्यांचे गणवेशही आमच्याकडेच येतात. आई पुढच्या खोलीत उन्हाला बसतात. बेल वाजली की उठून आत जातात. कुणी सांगावं लागत नाही. “दादी को ना, शरम आती है,” असं लेक मैत्रिणींना सांगते. मी तिला कधी अडवलं नाही.

आज तिनं आजीलाही माझ्या शेजारी बसवलं. “दादी भी चाहिए फ्रेम में.” मोबाईल सुरू झाला. मी घसा खाकरला, धाडसाबद्दल बोलायला तोंड उघडलं, आणि बेल वाजली. कुरिअरवाला होता.

आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

‘बसा’ एवढाच शब्द होता. तो मी आजही म्हटला नाही.